तरतूद कुठे आहे, साहेब?

माझा भाचा शिकागोत राहतो. २०१९ च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी संप केला आणि अकरा दिवस वर्ग बंद राहिले, तेव्हा घरी बसलेल्या पोरीला सांभाळताना तो फार वैतागला होता. पुढे करार झाला. पगारवाढ तर होतीच, पण प्रत्येक शाळेला एक नर्स आणि एक समाजकार्यकर्ती द्यायची, हेही शिक्षकांनी त्यात लिहून घेतलं होतं. यंदा गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात आला तेव्हा मला म्हणाला, "मावशी, तुमची शिक्षकांची संघटना तर केवढी जुनी. तुम्ही का नाही असा करार करत?"

मी त्याला अजून एक शेंगापोळी वाढली आणि विषय बदलला. जेवणाच्या पाटावर सांगून होण्यासारखं ते उत्तर नव्हतं. संघटनेत नव्याने येणारी पोरंपोरीही तेच विचारतात, म्हणून आज सगळं सविस्तर लिहून टाकते.

आमचे आप्पा मिलमध्ये विणाई खात्यात होते. त्या काळी गिरणगावात शाळा न शिकलेल्या माणसालाही १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा तोंडपाठ असायचा. एक प्रातिनिधिक संघटना ठरायची, ती मालकाशी बोलायची आणि बोनस, महागाई भत्ता जे ठरेल ते सह्यांनिशी कागदावर यायचं. आप्पा त्या मान्यताप्राप्त युनियनला यथेच्छ शिव्या द्यायचे आणि सभेला लाल बावट्याच्या जायचे, ती गोष्ट वेगळी. पण भांडायचं कुणाशी, हे त्यांना ठाऊक होतं. मालक गाडीतून उतरताना दिसायचा.

मी खाजगी संस्थेच्या शाळेत शिकवते, पण माझा मालक कोण, हे मला अजून नीट सांगता येत नाही. नेमणुकीच्या आदेशावर सही संस्थेच्या सचिवाची. त्या नेमणुकीला मान्यता शिक्षणाधिकाऱ्यांची. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढवायचं तर फाईल पुण्याला उपसंचालकांकडे. बिल मुख्याध्यापक तयार करणार, वेतन पथक तपासणार, पैसे कोषागारातून येणार. वेतनश्रेणी ठरवणार मंत्रालयातला वित्त विभाग, तोही वेतन आयोगाच्या मागोमाग. यातल्या कुणालाही गाठा, तो म्हणतो, "मॅडम, माझ्या हातात नाही ओ." आणि पंचाईत अशी, की प्रत्येक जण खरंच बोलत असतो.

कामगार न्यायालयात जावं म्हटलं तर ते दार सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच बंद केलं. गोव्याच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक हा कामगार बसत नाही. माझ्या वडिलांना जो कायदा होता तो मला नाही. मला आहे तो खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याची १९८१ ची नियमावली. आमच्यात तिला नुसतं 'एमईपीएस' म्हणतात. माझ्याकडच्या प्रतीची शिवण सुटली आहे आणि ३६ व्या नियमाचं पान हळदीने पिवळं झालंय, कारण लोक फोन बरोबर स्वयंपाकाच्या वेळेला करतात.

हा ३६ वा नियम नव्या पोरांनी पहिल्यांदा वाचावा. चौकशी लागली तर समिती तिघांची असते. एक माणूस संस्थेचा. एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून निवडलेला. आणि एक तुमचा, तुम्ही नेमलेला, कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी चालतो. या तिसऱ्या खुर्चीवर संघटनेचा नियम पाठ असलेला माणूस बसला, की चौकशीची भाषाच बदलते. आणि सेवेतून काढलंच, तर ९ व्या कलमाखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, तीस दिवसांच्या आत. लोक पहिले पंधरा दिवस रडण्यात आणि पुढचे पंधरा नातेवाइकांच्या ओळखी काढण्यात घालवतात. एका मॅडमना तोंडी सांगितलं होतं, "उद्यापासून येऊ नका." कागद नाही, काही नाही. आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत पाठवलं. मस्टर दडवून ठेवलं होतं. मग रोज घरी येऊन एक पत्र लिहायचं, 'मी आज हजर होते, सही करू दिली नाही', ते पोस्टात टाकायचं आणि पावती जपायची. त्या पावत्यांची चळत वकिलाच्या टेबलावर ठेवली तेव्हा वकीलसाहेब प्रथमच खुर्चीत सरळ बसले. मॅडम आज त्याच शाळेत शिकवतात. सचिव त्यांच्याशी बोलत नाहीत, पण पगार होतो.

थोडक्यात, करार नाही. नियम आहेत आणि शासन निर्णय आहेत. त्यामुळे आमची सगळी घासाघीस टक्क्यांवर, म्हणजे पगाराचा किती हिस्सा शासन अनुदान म्हणून देणार यावर, येऊन ठेपते.

टक्क्यांची कथा बाहेरच्यांना कळत नाही. २००१ नंतर ज्या शाळांना परवानगी मिळाली त्यांना 'कायम विनाअनुदानित' अशी अट घातली होती. २००९ मध्ये त्यातला 'कायम' गेला. मग मूल्यांकन, मग याद्या, मग याद्यांतल्या त्रुटी. वीस टक्के अनुदान प्रत्यक्ष सुरू व्हायला २०१६ उजाडलं. २०२० मध्ये पुढचा टप्पा. माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची श्रेणी सातव्या वेतन आयोगात ३८,६०० पासून सुरू होते. त्याचे वीस टक्के करा: ७,७२०. त्यावर भत्त्यांचा वीस टक्के वाटा. एवढ्यात एम.एस्सी., बी.एड. झालेला माणूस आठवी ते दहावी बीजगणित शिकवतो. इकडे शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढून माध्यमिकला १८,००० झालं, म्हणजे कागदावर नवखा सेवक पुढे आणि अनुभवी मास्तर मागे. आमच्या शहराच्या पूर्व भागात असे एक सर आहेत. रविवारी चाटी गल्लीत एका दुकानाचा हिशेब लिहितात. वर्गातल्या ज्या पोराचे वडील यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर आहेत, त्या पोराने एकदा त्यांना भर वर्गात विचारलं, "सर, तुमचा हप्ता पण शनिवारी असतो का?" सर हसले. आम्ही स्टाफरूममध्ये नाही हसलो.

२०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, पुढची वीस टक्के टप्पावाढ मंत्रिमंडळाने मंजूर केली. पेढे वाटले गेले, स्टेटस झळकले. नागपूरचं अधिवेशन झालं, मार्चचा अर्थसंकल्प झाला, पैसा कुठे दिसेना. निर्णय होता, तरतूद नव्हती. शेवटी जुलै २०२५ मध्ये राज्यभरातून लोक आझाद मैदानात जमले, दोन दिवस शाळा बंद राहिल्या, तेव्हा कुठे पैशाची हालचाल सुरू झाली. सोलापूरहून मुंबई म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं आणि समोरच मैदान. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे आंदोलनाचं अधिकृत जेवण आहे. चार दिवस खराब होत नाही आणि पावसात भिजली तरी चटणी चटणीच राहते.

तेव्हापासून आमच्या बैठकीत मी एकच गोष्ट लावून धरली आहे. मंत्र्यांचं भाषण ऐकायला जाऊ नका, त्यांनी काय दिलं हे विचारू नका. तरतूद कुठे आहे, ते विचारा. शासन निर्णय हाती आला, की सगळे शेवटचं पान उघडून सही बघतात. सहीच्या वर बघा. 'वित्त विभागाच्या सहमतीने', पुढे अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि तारीख, हे वाक्य आहे का? खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा ते दिलंय का? सर्वसाधारण शिक्षणाचं मुख्य लेखाशीर्ष २२०२. त्याच्या पुढचे आकडे आपल्या योजनेचे. ते नसतील आणि मध्येच कुठे 'उपलब्ध तरतुदीच्या अधीन राहून' असं बारीक वाक्य असेल, तर पेढे आणू नका. अधिवेशन लागलं, की पुरवणी मागण्यांचं पुस्तक वेबसाईटवर येतं. ते जाडजूड असतं, कंटाळवाणं असतं, आणि आपला पुढच्या वर्षीचा किराणा त्यातच असतो. मग निधी बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, खाली आला का, हे वेतन पथकातल्या भाऊसाहेबांना विचारायचं. भाऊसाहेबांना आधी चहा विचारायचा. हे कुठल्या नियमावलीत नाही.

मोठ्या आकड्यांबद्दल मी फार बोलत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितलं. २०२० च्या नव्या धोरणातही तोच सहाचा आकडा आहे. इतकी वर्षं तो जागचा हललेला नाही, म्हणजे आमच्यात एकटा तोच कायम झाला म्हणायचा. पण एका गोष्टीबद्दल आमच्याच लोकांवर माझा राग आहे. पगाराच्या अनुदानासाठी आम्ही मुंबई गाठतो. वेतनेतर अनुदानासाठी कुणी इथल्या इथे, निदर्शनं होतात त्या पूनम गेटपर्यंतसुद्धा येत नाही. खडू, फळा, पाण्याची टाकी, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, विजेचं बिल, सगळं त्या वेतनेतर पैशातून. आमच्या मुलांच्या आया विड्या वळतात. त्यांच्याकडे कशाची वर्गणी मागायची? कुणा दात्याने दिलेला मोठा टीव्ही आमच्या एका वर्गात भिंतीवर आहे. बिल वाढतं म्हणून तो तपासणीच्या दिवशी लागतो. संघटनेच्या मागणीपत्रात वेतनेतरचा मुद्दा असतो, कायम शेवटून दुसरा, 'इतर विषय आयत्या वेळी' याच्या जरा वर. शिकागोवाल्यांचं मला कौतुक वाटलं ते इथे. त्यांनी नर्स मागितली.

आता संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवणं. सोलापुरात संघटनेचं खरं काम पाहायचं असेल तर सप्टेंबरात आमच्या शाळेत या. ३० सप्टेंबरच्या पटावर पदं ठरतात, आणि पट म्हणजे आता वर्गात बसलेली पोरं नव्हेत. आधार जुळलेली पोरं. पूर्व भागातली आमची निम्मीअधिक मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. आधार काढलं एकाने, जन्मदाखला लिहिला दुसऱ्याने, शाळेच्या रजिस्टरात नाव घातलं तिसऱ्याने. लक्ष्मीचं स्पेलिंग एका कागदावर एक्सने, दुसऱ्यावर केएसएचने. कुणाचं घराण्याचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणाचं गायबच. यंत्र काही म्हणत नाही, नुसतं 'अवैध' दाखवतं. मुलगी रोज पहिल्या बाकावर बसते, पाढे म्हणते, खिचडी खाते, पण मोजणीत नाही. तिच्यासारख्या सहा-सात झाल्या, की एका तुकडीचं गणित बिघडतं आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. १५ मार्च २०२४ च्या निकषांनंतर कमी पटाच्या वर्गांना पद टिकवणं आणखी अवघड झालंय.

मग आम्ही काय करतो? यादी घेऊन गल्लोगल्ली फिरतो. आई सुपात पाला घेऊन बसलेली असते, हात थांबत नाही. हजार विड्या झाल्या तर मजुरी, आधार केंद्राच्या रांगेत बसली तर त्या दिवसाची मजुरी गेली. "टीचर, पोरगी तर रोज येती की शाळेला, मग कागद कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्यातले दोघे-तिघे तेलुगू बोलणारे आहेत, ते पुढे होतात. एका वर्षी आम्ही आधार केंद्रवाल्यालाच गळ घालून यंत्र शाळेत आणवलं. संघटनेच्या खर्चाच्या वहीत त्या दिवशी नोंद आहे: 'वडापाव व चहा, आधार शिबिर.' माझ्या मते ती आमच्या शाखेची सर्वांत यशस्वी वाटाघाट. समोर मंत्री नव्हता, फोटो निघाला नाही, एक पद वाचलं.

पद नाही वाचलं तर समायोजन. एका मोठ्या खोलीत अतिरिक्त ठरलेले सगळे बोलावतात, ज्येष्ठतेप्रमाणे नाव पुकारतात आणि रिक्त जागांतून शाळा निवडायला सांगतात. सोलापूर जिल्हा अकरा तालुक्यांचा. शहरात घर असलेल्या बाईला करमाळा मिळालं तर तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. अक्कलकोट मिळालं तर ती हात जोडते. तिथे भांडण एकाच गोष्टीवर करावं लागतं: सगळ्या रिक्त जागा आधी पडद्यावर लावा, मग पहिलं नाव घ्या. कारण काही जागा सुरुवातीला नसतात आणि दुपारनंतर उगवतात. मागच्या वेळी आम्ही खुर्च्यांवर बसायलाच नकार दिला. उभे राहिलो, शांतपणे, कुणी घोषणा दिली नाही. उभ्या माणसांसमोर साहेबांना बसून राहणं जड जातं. तासाभराने यादी पडद्यावर आली आणि त्यात सकाळी नसलेल्या शहरातल्या जागा होत्या. एका तरुण शिक्षिकेने लेकराला कडेवर घेऊन त्यातली एक निवडली आणि सही करताना पेन दोनदा हातातून पाडलं.

पण ज्येष्ठता यादी जर चुकीची असेल तर उभं राहूनही उपयोग नाही, आणि आमचे नव्वद टक्के लोक ती वाचतच नाहीत. नियमावलीच्या 'फ' अनुसूचीत ज्येष्ठता कशी लावायची ते दिलंय. मुख्याध्यापक दरवर्षी यादी फिरवतात, लोक मधल्या सुट्टीत भजी खात त्यावर सही ठोकतात. मग पाच-सात वर्षांनी पर्यवेक्षकपदाची वेळ आली, की दोन जिवलग मित्र कोर्टात. असल्या भांडणात संघटना कुणाच्याच बाजूने नसते, दोघेही आमचे सभासद. दोघांचीही पावती फाडलेली असते.

संघटना किती, हाही विचित्र प्रश्न. प्राथमिकच्या वेगळ्या, माध्यमिकच्या वेगळ्या, मुख्याध्यापकांची वेगळी, विनाअनुदानितची वेगळी, पेन्शनची वेगळी. एकाच मागणीचं निवेदन एकाच आठवड्यात चार संघटना देतात. साहेब टेबलामागे उभे, अलीकडे आठ जण कागदाला हात लावून, एकाच्या गळ्यात उपरणं. फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर. निवेदनाचा आवक क्रमांक कुणी मागत नाही. विधान परिषदेत शिक्षकांच्या सात जागा आहेत. आमचा मतदारसंघ पुणे विभागाचा, पाच जिल्ह्यांचा. तिथे मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला मत नाही, त्यामुळे निवडणूक जवळ आली की आमचा चहा वाढतो आणि त्यांचा तेवढाच राहतो.

सगळे एकदाच खऱ्या अर्थाने एकत्र दिसले ते मार्च २०२३ मध्ये, जुन्या पेन्शनच्या संपाला. १४ ते २० मार्च. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले आणि आधी लागलेले असे एकाच स्टाफरूममध्ये दोन देश आहेत. आधीच्यांना पेन्शन आहे, नंतरच्यांना कपात. तरी आधीचेही संपात उतरले, याचं मला अजून विशेष वाटतं. पण दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. आमच्या शाखेची त्या आदल्या रात्रीची बैठक तापली. एक गट म्हणाला, पेपर थांबल्याशिवाय सरकार हलणार नाही. मी विरोधात बोलले. आमच्या केंद्रावरच्या पोरी घरातल्या पहिल्याच दहावीला बसणाऱ्या होत्या. त्यांचा पेपर बुडवून मिळालेली पेन्शन मला खाता आली नसती. ठरलं ते असं: परीक्षेचं काम करायचं, बाकी सगळं बंद. काहींनी मला मऊ म्हटलं. चालेल. संप मिटला तो अभ्यास समितीच्या आश्वासनावर, आणि त्यानंतरच्या वर्षी सुधारित पेन्शन योजना जाहीर झाली. तिच्यात किती मिळेल यावर आमच्याकडे अजून रोज वाद होतो; गणिताचे शिक्षक असल्यामुळे तिन्ही बाजूंना वेगवेगळी उत्तरं येतात.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर त्याने मध्येच 'ओके मावशी' म्हटलं असतं.

आता कामाचं. या रविवारी दुपारी तीन वाजता नेहमीच्या जागी शाखेची बैठक आहे. ज्यांच्या शाळेत पद अतिरिक्त ठरण्याची शक्यता आहे त्यांनी यावंच. येताना ज्येष्ठता यादीची सही-शिक्क्याची प्रत, वैयक्तिक मान्यतेचं पत्र आणि आधार न जुळलेल्या विद्यार्थ्यांची वर्गवार यादी आणा. झेरॉक्स घरूनच काढून आणा, कोपऱ्यावरचं मशीन रविवारी बंद असतं. ज्यांना फक्त निवेदनाच्या फोटोत उभं राहायचंय, त्यांच्यासाठी सोमवारी अकरा वाजता पूनम गेट.